डोक्याचं माप

माझं डोकं मोठं आहे. बढाई मारत नाही, माप सांगतोय. घरात मला सगळे हंडा म्हणतात. एक वहिनी तेवढी म्हणत नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो, पण पहिल्या दिवसापासून तिने मला 'भाऊजी' म्हटलं आणि 'अहो जाहो' केलं. मला बसेल अशी टोपी कुठल्याच दुकानात मिळत नसे, म्हणून दर थंडीत तीच शिवून द्यायची. शिवणकाम हा तिचा व्यवसाय, अर्ध्या गल्लीचे कपडे तिच्या हातचे.

गेल्या महिन्यात हेच डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. वळणावर कुणीतरी ऑइल सांडून ठेवलं होतं, त्यावरून माझी मोटारसायकल घसरली. खांद्याचं हाड मोडून हात गळ्यात आला, हेल्मेटला तडा गेला, पण डोक्याला साधं टेंगूळही नाही. डॉक्टर म्हणाले, हेल्मेट जागचं हललं नाही म्हणून वाचलात. यात माझी अक्कल शून्य होती. मी पसंत केलेलं हेल्मेट असतं तर ते माझ्याआधीच पलीकडच्या गटारात जाऊन बसलं असतं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. जिथे जावं तिथे जिने चढून तापलेले लोक माझीच वाट बघत असतात, आणि मीही काही बर्फ नाही. ते हेल्मेट घ्यायला गेलो त्या दिवशीही असाच दोघांशी भांडून आलो होतो. शेजारच्या दुकानातून दोरे घ्यायचे म्हणून वहिनी सोबत होती. दुकानदाराने दिलेली हेल्मेटं कानांपाशीच अडायला लागली. तो हसला, मी भडकलो. शेवटी एक अलगद खाली उतरलं. इतकं बरं वाटलं की मी म्हटलं, हेच बांधा.

वहिनीने मान हलवायला सांगितली. मान डावीकडे गेली, हेल्मेट जरा वेळाने आलं. तिने ते काढायला लावलं, पर्समधली टेप काढून भुवयांच्या वरून मागच्या फुगवट्यापर्यंत फिरवली आणि दुकानदाराला कानांपाशी अडलेल्यांहून मोठं, पण मानेबरोबरच हलणारं हवं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मागवावं लागेल. ती म्हणाली, मागवा.

आठवड्याने ते आलं. घातलं तर गाल वर येऊन डोळ्यांना भिडले. ही शिक्षा आहे, असं मी म्हणालो. तिने पट्टा लावला, मागून वर ढकलून निघतंय का बघितलं, कपाळाला कुठे टोचतंय का विचारलं, आणि शेजारच्या दुकानात दोऱ्यांचे रंग निवडून होईपर्यंत मला तसंच उभं केलं. दुखत कुठेच नव्हतं, नुसतं धरून ठेवलं होतं.

"वापराने गादी दबते, भाऊजी," ती म्हणाली. "घट्ट असेल ते जरा सैल होईल. सैल आहे ते घट्ट कसं होणार?"

त्या वाक्यावर आज मी जिवंत आहे.

हात गळ्यात आल्यामुळे घरी खिडकीत बसून राहायची वेळ आली. एका सकाळी दादा आणि वहिनी शिवलेले कपडे पोचवायला दुचाकीवरून निघाले. वहिनी मागे, मांडीवर गठ्ठा, डोक्यावर दादाचं जुनं हेल्मेट. गतिरोधकावर ते पार नाकापर्यंत आलं. तिने एका हाताने गठ्ठा धरला, दुसऱ्याने हेल्मेट, दादाला धरायला हात उरला नाही. हे दृश्य रोजचं होतं आणि आम्ही सगळे त्याला हसत आलो होतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

एकदा मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं, त्यामुळे मला नवं घ्यायचंच होतं. मी वहिनीला घेऊन बसने त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने विचारायच्या आत तिने माझं माप तोंडपाठ सांगितलं. मी म्हटलं, अजून एक, वहिनीसाठी.

"मला कशाला? मी तर मागे बसते."

"मागच्याचं डोकं लाकडाचं असतं का?"

तिच्या पर्समधली टेप मी काढली. एकच हात चालत होता, म्हणून एक टोक तिलाच कपाळावर धरायला लावलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेणारी बाई, पण स्वतःचं माप द्यायची वेळ आली तर हात कुठे ठेवावा ते तिला समजेना. स्वतःचे कपडे ती अंदाजानेच शिवते.

"किती भरलं?" तिने हळूच विचारलं. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं, तिलाही नाही.

अंबाडा सोडून वेणी घालावी लागली. मग हेल्मेट बसलं. मी मान हलवायला सांगितली, हेल्मेट मानेबरोबर गेलं. मागून ढकलून बघितलं, हललं नाही.

"घट्ट आहे, भाऊजी."

"दुखतंय कुठे?"

तिने मान पुन्हा दोन्हीकडे फिरवून बघितली. "नाही."

"मग राहू दे. आम्हाला तू धडधाकट हवी आहेस."

गाल वर आल्यामुळे तिचे डोळे बारीक झाले होते आणि भरले होते. पैसे देऊन झाले तरी ती हेल्मेट काढेना. थोडा वेळ घालून बघायचं असतं, असं मलाच ऐकवलं.

बसमध्येही तिने ते काढलं नाही, खिडकीशी ताठ बसून राहिली. समोरचा एक जण हसायला लागला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढच्याच थांब्यावर उतरला.