कोठीची किल्ली

मुरगूड गावातल्या लोकांना सेवा मंडळ काढायचं होतं, म्हणून त्यांनी मार्गदर्शनाला कोल्हापूरहून दत्तोपंतांना बोलावलं. कोल्हापुरात गल्लीतल्या लग्नकार्यांना मोठी भांडी आणि जाजमं फुकट देणारं दत्तोपंतांचं मंडळ चार गावांत गाजलेलं. अध्यक्ष पहिल्या दिवसापासून तेच. भांड्यांच्या कोठीची एकुलती एक किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे, अंघोळीलाही ती सुटत नसे.

"पुढाऱ्यानं कामं वाटून द्यावीत," गळ्यातला हार सावरत दत्तोपंत सांगत होते. "आपण एक दिवस नसलो म्हणून कुणाचं अडता कामा नये. माणसांवर विश्वास टाका."

टाळ्या चालू असतानाच पंतांच्या मंडळाचा चिटणीस सयाजी घामाघूम होऊन पुढं आला.

"पंत, किल्ली द्या. गौसभाईच्या पोरीचं, मलिकाचं लग्न हाय आज. आचारी हात बांधून बसलाय."

लग्न पंत साफ विसरले होते. पण आपल्यावाचून गल्ली अडली, हे ऐकून त्यांना आतून बरं वाटलं.

"किल्ली अशी कुणाच्या हाती देत नसतात. जेवून येतो, मीच उघडतो."

"आत्ताच म्हणालासा की, विश्वास टाका म्हणून."

"ते ह्यांच्यासाठी. नवीन आहेत ते."

सयाजीनं त्यांच्याकडं एकवार पाहिलं. "बरं. जेवा निवांत," म्हणाला आणि आल्या पावली एस.टी. गाठायला गेला.

पंत निवांत जेवले. परतताना गाडीत त्यांना दिसत होतं, सारी गल्ली खोळंबलीय, गौसभाई हात जोडून उभा आहे, आणि आपण मोठ्या मनानं कुलूप काढतोय.

गल्लीच्या तोंडालाच रश्श्याचा वास आला. मांडवात पंगत उठत होती. कोठीचं दार, दोन्ही फळ्या, कडीकुलपासकट भिंतीला टेकून उभं होतं. तालमीतल्या चार पैलवानांनी ते अख्खं चौकटीतून उचलून काढलं होतं.

"या पंत," भांडी घासता घासता गल्लीतली बायडाबाई म्हणाली. "तुमच्या कुलपाला बोट लावलं न्हाय बघा कुणी. मान राखलाय."

मांडवातले सगळे बघत होते. पंत दारापाशी गेले आणि बोलल्याप्रमाणं त्यांनी कुलूप स्वतःच्या हातानं उघडलं.

"झालं उघडून?" सयाजी म्हणाला. "आता फळ्या बसवायच्यात. ही बाजू धरा."

"आणि किल्ली द्या इकडं," बायडाबाईनं ओला हात पुढं केला. "भांडी घासून रातच्याला आत ठेवायची हायती. तवर बसणार हायसा व्हय हितं?"

किल्लीच्या दोऱ्याची गाठ सुटता सुटेना. शेवटी पंतांनी ती दातांनी सोडवली.

"तात्पुरती हं," ते म्हणाले.

बायडाबाईनं तोवर ती कमरेला खोचलीही होती.