पलंगाखालच्या फळ्या

सहावं भोक आरपार गेलं आणि एजाजनं ड्रिल बंद केलं. फळीला कुठंच चीर नाही. भुसा हुंगला, कडू वास. कडुनिंब. हेच पाहिजे होतं त्याला.

गेम खेळायचं पॅनल तो ईदपासून बनवत होता. एक दांडा, सहा बटणं, पूर्वी व्हिडिओ पार्लरला असायचं तसं. मोबाईलवर बघून बघून. आधी दाबलेल्या भुशाचं एमडीएफ आणलं, त्यावर चहा सांडला आणि ते पावासारखं फुगलं. मग प्लायवूड. भोक पाडताना त्याचे पदर सुटले. आज अम्मीच्या पलंगाखाली वायर शोधायला वाकला, तर भिंतीकडं गोणपाटात गुंडाळलेल्या फळ्या. सगळ्या एका मापाच्या. हात फिरवला, एक कुसळ लागलं नाही. असलं भारी लाकूड कोण पलंगाखाली ठेवतं, म्हणत त्यानं वरचीच उचलली होती.

महबूबभाई नमाजहून आले आणि दारातच थांबले.

"ये क्या करा रे तू?"

"बघा की अब्बा. लई कडक लाकूड हाय. कितीबी बटणं बडवा, हलणार न्हाई."

महबूबभाई चप्पल न काढताच आत आले. खाली बसले. भोकांवर तळवा ठेवला, परत उचलला.

"यातनं माती पडंल," ते म्हणाले.

"कुठली माती? खालनं पेटी बसवणार की."

"माझ्या अंगावर पडंल."

एजाज हसला. मग हसू तसंच तोंडावर राहिलं. राहतचाचांच्या दफनाला तोच कबरीत उतरला होता. मयतावर आडव्या फळ्या लावायच्या, मग वरनं माती. याच मापाच्या. त्यानं ड्रिल खाली ठेवलं.

"अब्बा... तुम्ही स्वतःच्या..."

"राहतच्या वेळेला ओल्या, कुजक्या मिळाल्या. तू बघितलंस की. म्हणून टेम्पोच्या शेवटच्या खेपेला टेंभुर्णीवरनं घेऊन आलो. घासून ठेवल्या."

एजाजची अम्मी जुलेखा कणकेच्या हातानं बाहेर आली. तिनं शेवटचं तेवढंच ऐकलं होतं, पण फळी आणि पलंगाखालनं ओढलेलं गोणपाट बघितलं आणि तिला कळलं.

"माझ्या पलंगाखाली? मयताचं सामान? आणि मी रोज वर झोपतेय?"

"तुझं न्हाई, माझं हाय ते."

"लई उपकार झाले!"

पण तिचा आवाज मधेच फुटला. ती दाराच्या चौकटीला टेकली. कणीक चौकटीला लागली, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"डॉक्टरनं छातीत स्प्रिंग बसवली तेव्हा काय सांगितलं? टेम्पो चालवा, फिरा, काय होत न्हाई. आणि हा माणूस टेम्पो विकून फळ्या घासत बसलाय. मी मेली इथं रोज विचारते, दुपारी कुठं असता. मागच्या बोळात, म्हणे!"



"नवी आणतो," एजाज म्हणाला.

"आण. आजच आण," महबूबभाई म्हणाले.

एजाज उठला. बाहेर जायच्या ऐवजी पलंगाखाली शिरला. दुसरी फळी ओढून काढली आणि पहिलीला चिकटवून ठेवली. पेन्सिल घेऊन तिच्यावर गोल काढायला लागला. पहिला गोल वेडावाकडा आला. त्यानं थुंकी लावून पुसला, परत काढला.

"डोकं फिरलं काय? ती कशाला?" महबूबभाईंनी विचारलं.

"एका फळीत दोघांची बटणं बसत न्हाईत."

"दुसरा कोण हाय खेळणारा?"

एजाजनं मान वर केली नाही. ड्रिल लावलं. फळी फरशीवर सरकली, ड्रिलचं टोक निसटलं, बोटाच्या अगदी जवळनं गेलं.

"अहो, धरा की जरा!" जुलेखा ओरडली. "पोराचा हात जाईल."

महबूबभाईंनी दोन्ही हातांनी फळी दाबून धरली. बराच वेळ ते पेन्सिलच्या गोलांकडं बघत राहिले.

"थांब," ते म्हणाले. "बटणं इतकी जवळ नको घेऊ. माझी बोटं जाड हायत."