केसभर आखूड

लोरेटाच्या धाकट्या दिराला, हार्लनला, दोन वाईट खोडी होत्या. एक, काडतुसं चोरायची. दोन, ती आपणच भरली म्हणून अख्ख्या मोंटानाला सांगत सुटायचं. तिचा नवरा एमेट हिवाळाभर गॅरेजमध्ये खपून काडतुसं भरायचा आणि शिकारीच्या तोंडावर हा गृहस्थ कॉफीच्या निमित्ताने येऊन मूठभर खिशात घालून जायचा. सासऱ्यांनी दोघा भावांना एकसारख्या रायफली दिल्या होत्या, त्यामुळे चोरीचा माल बिनतक्रार चालायचा.

एमेट वसंतात गेला. एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड हरणांच्या, शिकारीचे दिवस जवळ आले तसं हार्लनने नवंच खूळ काढलं.

"वहिनी, कड्यावरच्या त्या जुन्या झाडाखाली यंदा मी बसणार. तुझ्याच्यानं आता तिथवर चढवणार नाही."

त्या झाडाखाली लोरेटा आणि एमेट लग्नापासून दर मोसमात पाठीला पाठ टेकून बसत आले होते. तिच्या काळजात चर्र झालं. पण ऐकून घेणाऱ्यांतली ती नव्हे.

"असं? मग पहिल्या दिवशी जो एल्क पाडेल त्याचं झाड. कायमचं!"

"ठरलं! पण त्या दिवशी झाडाखाली मी. तू आपली खाली ओढ्याकाठी बस. उगाच गुडघे दुखतील तुझे."

गुडघे म्हणे! दातओठ खात लोरेटाने गॅरेज गाठलं.

काडतूस उडालं की त्याची पितळी पुंगळी फुगते आणि ज्या बंदुकीतून उडाली तिच्या पोटाचं माप घेते. पुन्हा भरायची तर ती आधी प्रेसवर चढवून पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबायची. डाय जितकी खाली फिरवाल तितका पुंगळीचा खांदा, म्हणजे तोंडाजवळचा निमुळता भाग, मागे सरकतो. तो जेमतेम सरकवावा; जास्त दाबलं तर पुंगळी लवकर चिरते. डाय कुठवर घासते ते काजळीवर उमटावं म्हणून लोरेटाने पुंगळीचा खांदा मेणबत्तीवर काळा केला, दाबून पाहिला आणि कपाळाला हात लावला. एमेटची डाय लागते त्याहून खाली होती.

"काय बाई हा माणूस! कॉफीचा चोथा दोनदा उकळायचा, आणि पितळाची ही नासाडी?"

बादलीच्या तळाशी तिला बुडावर ‘हार्लन’ असं खरडलेली, त्याच्या रायफलीतून उडालेली एक पुंगळी सापडली. एमेटच्या रायफलीतल्या पुंगळीशेजारी तिने ती मापली. खांद्याशी केसभर आखूड! म्हणजे रायफली दिसायला जुळ्या, पण हार्लनच्या रायफलीचं पोट लहान. लोरेटाला हसू फुटलं. तिने डायचा नट सैल केला, डाय वर घेतली, एमेटच्या रायफलीला हवी तेवढीच, आणि नट आवळला. मग त्याच मापाने भरलेल्या ताज्या काडतुसांचा डबा तिने उघडाच, कॉफीच्या किटलीशेजारी ठेवून दिला. बोक्यापुढे दूध ठेवावं तसा.

दोन दिवसांनी बोका आला. कॉफी प्यायला, ॲपल पाय खाल्ला, वरून "बाई गं, यात साखर कमी आहे" म्हणाला आणि खिसा जड करून गेला. भरणारा माणूस प्रत्येक काडतूस एकदा बंदुकीत बसतं का ते बघतो. चोराला कुठली एवढी उठाठेव!

पहिल्या दिवशी उजाडलं तेव्हा लोरेटा एमेटची रायफल घेऊन ओढ्याकाठच्या झुडपात गारठून बसली होती. आपलं झाड तिला खालून दिसत होतं आणि बघवत नव्हतं. तेवढ्यात वरून आवाज आला. खट्. खट् खट्. मग एक सणसणीत शिवी. हार्लन बंदुकीच्या बोल्टवर, काडतूस आत ढकलणाऱ्या खिटीवर, तळहात आपटत होता. झाडाजवळून चाललेला एल्कचा कळप उधळला आणि थेट ओढ्याकडे आला. लोरेटाने एकच गोळी झाडली. मोठा नर जागीच कोसळला.

दुपारी तंबूपाशी शेजारचा ऑर्व्हिल जेवण रांधत होता. हार्लन आला तो मिरची चावल्यासारखं तोंड करून. बोल्ट धड मिटत नव्हता, धड उघडत नव्हता. लोरेटाने नळी डोंगराकडे करून लाकडाच्या ढलपीने बोल्ट हळूहळू ठोकत उघडला आणि अडकलेलं काडतूस तळहातावर घेतलं.

"भावजी, हे तुम्ही स्वतः भरलंत ना?"

"मग? दुसरं कोण भरणार?"

"डाय कुठवर खाली घेतली होती हो?"

"मला काय विचारतेस?" हार्लन उसळला. "इतकी वर्षं एमेटची काडतुसं कशी लोण्यासारखी आत जायची!"

ऑर्व्हिलच्या हातातला डाव हवेतच थांबला. हार्लनने जीभ चावली, पण आता काय उपयोग! ऑर्व्हिल पोट धरून हसायला लागला.

लोरेटाही हसणार होती. पण तिला एकदम हार्लनचा शब्द खटकला. लोण्यासारखी? एमेटच्या रायफलीला बसणारं काडतूस हार्लनच्या रायफलीत लोण्यासारखं जाईलच कसं? डाय मुद्दाम तेवढी खाली बसवल्याशिवाय?

ती तिथेच ओंडक्यावर बसली.

"त्याला माहीत होतं, भावजी," ती म्हणाली. "चोर कोण ते माहीत होतं. म्हणून तो डाय तुमच्या मापाने लावायचा. स्वतःच्या पुंगळ्या चिरू द्यायचा, पण तुमचं अडू द्यायचा नाही. आणि मी मेली त्याला उधळ्या म्हणत होते."

हार्लनने टोपी काढली. मग नाक ओढून म्हणाला, "झाड तुझंच, वहिनी."

"ते तर आहेच." लोरेटाने डोळे पुसले आणि काडतूस स्वतःच्या खिशात टाकलं. "रविवारी रायफल घेऊन गॅरेजमध्ये या. आणि येताना डाय विकत आणा, स्वतःची. शिकवते मी तुम्हाला. पण कॉफीची किटली यापुढे स्वयंपाकघरात."