बावखलाची सातवी पायरी

चिनी चेहऱ्याचा माणूस सांडोरला आमच्या दारात येऊन मला 'कझिन मार्गारेट' म्हणाला, तेव्हाच मी आत जाऊन वाडीचे कागद गादीखाली सरकवले. इथल्या जागेचे भाव ऐकून मेलेले नातेवाईकही उठून बसतात.

नाव म्हणे मर्विन. माझे थोरले काका सेबेस्टियन सत्तर वर्षांपूर्वी जहाजावर गेले, ते सॅन फ्रान्सिस्कोलाच राहिले. हा म्हणे त्यांचा मुलगा. आई तिथल्या चिनी वस्तीतली.

पस्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केलीय मी. लगेच तोंडी परीक्षा सुरू केली. दारासमोर झाड कोणतं? आजीला कोणत्या डोळ्याने दिसत नव्हतं? पठ्ठ्याने धडाधड सगळं बरोबर सांगितलं. माझा संशय आणखी वाढला, कारण घोकंपट्टी मला लांबून ओळखू येते.

"पाठ केलंय ना?"

"हो. आईच्या वडिलांनी करून घेतलं."

शंभर वर्षांपूर्वी चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद होतं, तो सांगू लागला. भूकंपाच्या आगीत शहराचे दाखले जळाले. नागरिकांच्या मुलांना मात्र येता यायचं, म्हणून तिथले काही चिनी लोक मुळात जन्मलीच नाहीत अशा मुलांची नावं नोंदवून विकायला लागले. त्याच्या आजोबांनी असंच एक नाव घेतलं आणि बोटीवर परक्या गावाच्या विहिरी, पायऱ्या घोकल्या. उलटतपासणीत ते पास झाले. "बरोबरचा एकजण मात्र तिथल्या माणसाचा खराच मुलगा होता. तो स्वतःच्याच घराच्या पायऱ्या चुकला. त्याला परत पाठवलं. म्हणून आजोबांनी माझ्या वडिलांना सांडोरचं घर, वाडी सगळं लिहून काढायला लावलं."

गोष्ट छान होती. लबाडांच्या असतातच.

"वाडीतल्या आमच्या बावखलाला पायऱ्या किती?" त्या तळ्यावर मी जन्मभर पाणी भरलंय.

"सात."

"सहा!" मला आनंदच झाला. मी त्याला तळ्यावर नेलं. मे महिना, पाणी तळाला गेलेलं. एकेक पायरी उतरत मोजून दाखवल्या. सहाच.

तो वाद न घालता सहावीच्या खालच्या गाळाकडे बघत राहिला. मी चप्पल काढून गाळात पाय घातला. तळव्याला सपाट, घडीव दगड लागला.

मी तिथेच बसले. "त्या खऱ्या मुलाचं पुढे काय झालं?"

"कळलं नाही. आजोबा मरेपर्यंत हेच विचारायचे."

माझी मलाच लाज वाटली. घरी येऊन मी गादीखालचे कागद काढले. त्यात वाडी एकट्याच्या नावावर करून घेताना बाबांनी तलाठ्याला दिलेला जबाब होता: 'थोरला भाऊ मयत, मूलबाळ नाही.' मर्विनला मराठी वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवला. कागदाकडे बघायची गरज पडली नाही, तो मला पाठ होता.