बिनसिमचा देव

आरती संपली आणि मगनबापूंनी मोबाइल उंच धरला. पॉवरलूमची पाळी सुटलेले कामगार, त्यांच्या बायका, पोरं, सुरतेतल्या बमरोलीची सगळी गल्ली टाचा उंचावून बघू लागली. बापूंनी सर्वांदेखत सिमकार्ड काढून तबकात टाकलं.

"जुओ, बघा! डॉक्टरला मशीन लागते, लाइट लागते. माताजीला नेटवर्कबी लागत नाय! आंगळी ठेवा, माताजी आतला रोग ओळखते!"

एका म्हाताऱ्यानं पडद्यावर बोट टेकवलं. टुण्ण घंटा वाजली, पडदा हिरवा झाला, आणि फोनमधून बाईचा मायाळू आवाज आला, "सगळं ठीक आहे." जयजयकार झाला.

मी मात्र चमकले. ती घंटा मी निवडलेली होती, आणि 'माताजी' माझ्या शेजारीच उभ्या होत्या.

त्या रुक्मिणीताई, नवापूरकडच्या एका गावातल्या आशा कार्यकर्त्या. त्यांच्यासारख्यांसाठी आमची सुरतेची छोटी मंडळी मोबाइल ॲप बनवते. प्रश्न विचारायचे, आजाराची खूण दिसली की दवाखान्यात पाठवायचं, नाहीतर हिरवा पडदा दाखवायचा, एवढंच त्याचं काम. सूचनांना आवाज ताईंचा. गावात रेंज नसते, म्हणून ते सिमशिवायही चालतं. नव्या बायकांची भीती मोडावी म्हणून आम्ही एक सरावाचं ॲपही केलं होतं. त्यात कुठंही बोट टेकवा, उत्तर ठरलेलं: हिरवा पडदा आणि 'सगळं ठीक आहे'. नवापूरच्या शिबिरात तसा एक फोन हरवला होता. तो इथं देव होऊन बसला होता.

ताई आल्या होत्या मावसबहीण अनुसयाच्या सुनेसाठी, सोबतीला मी. स्वातीला आठवा महिना. तोंड सुजलेलं, बांगड्या मनगटात रुतलेल्या, डोकं ठणकत होतं. ताई सकाळपासून दवाखान्यात चला म्हणत होत्या. अनुसया हटून बसली होती, "आधी बापू काय म्हणतस ते देखू."

स्वातीनं बोट ठेवलं. टुण्ण. "सगळं ठीक आहे."

"ऐकं ना?" अनुसया म्हणाली. "चाल घर."

"मावशी," स्वाती ताईंकडे वळून पुटपुटली, "मला नीट दिसत नाहीये."

मला राहवेना. प्रसादाच्या ताटातलं केळं उचलून मी पडद्यावर टेकवलं. टुण्ण. "सगळं ठीक आहे."

"केळ्यातबी माताजी असते, बेन!" बापू हसले.

मी केळं सोललं, एक घास खाल्ला आणि उरलेलं टेकवलं. अर्ध्या खाल्लेल्या केळ्याचीही तब्येत ठणठणीत निघाली! कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात ताई पुढं झाल्या आणि त्याच मायाळू आवाजात म्हणाल्या, "सगळं ठीक आहे."

सगळ्यांच्या माना ताईंकडे वळल्या. "तो आवाज मन्हा शे," ताई म्हणाल्या. "मी देवी नही. आनि हिन्हं काहीच ठीक नही."

ताईंनी पिशवीतलं रक्तदाबाचं यंत्र काढून स्वातीच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशेऐंशी! मी लोकांना फोनची करामत सांगत असताना ताईंनी एकशेआठला फोन लावला. बापू केव्हा सटकले कुणाला कळलं नाही. तबकात त्यांचं सिम तेवढं राहिलं.

रुग्णवाहिकेत स्वातीला आकडी आली. रक्तदाब चढून गरोदर बाईला अशी आकडी येते, त्यात दोन्ही जीव जाऊ शकतात. डॉक्टरांनी तातडीनं ऑपरेशन केलं. स्वाती वाचली. मुलगा काचेच्या पेटीत, मुठीएवढा.

बाहेर बाकावर अनुसया बसली होती. मला वाटलं, आता तिला कळलं. तिनं माझा हात धरला, आपलं बोट पुढं केलं आणि म्हणाली, "तुन्हा फोन खरा शे ना, माय? त्यामा देख ना, पोऱ्या जगी ना?"

बापू गेला होता, त्याची गादी मला मिळत होती.

"मावशी, फोनला ते माहीत नाही," मी म्हणाले. "डॉक्टर बघताहेत. त्यांनाही अजून सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही ॲपमधला हिरवा पडदा काढून टाकला, सरावाच्या ॲपमधलासुद्धा. आता ते प्रश्न विचारतं आणि दवाखान्याची वाट दाखवतं. 'सगळं ठीक आहे' असं कधीच म्हणत नाही.

तुम्हाला कुणी तसं म्हणालं, बापू असो की मोबाइल, तर एकच विचारा: काय तपासलंस? उत्तर मिळालं नाही, तर तिथं हात जोडत बसू नका. दवाखाना गाठा.