विचारलं की मागितलं

लखनौमधल्या अलीगंजच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवणाऱ्या नेत्राला बेसबॉलची अंपायर केलं ते गोपीनाथकाकांनी. काका मूळचे अमरावतीचे, बेसबॉलचे जुने अंपायर, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि जानकीपुरमला घर करून राहिले. नवऱ्याच्या हवाई दलातल्या नोकरीमुळे नेत्रा लखनौला आली, तेव्हा मराठी बोलायला मिळतं म्हणून ती त्यांच्याकडे जाऊ लागली आणि एकदा येताना बेसबॉलच्या नियमांचं पुस्तक घेऊन आली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मुलींच्या क्लबांचा अंतिम सामना होता, निशातगंज विरुद्ध जानकीपुरम. नेत्रा होम प्लेटमागे, म्हणजे घरच्या पाटीमागे, अंपायर म्हणून उभी होती, काका बेसजवळ. शेवटचा डाव, दोन्ही संघांचे गुण सारखे, निशातगंजच्या दोन मुली बाद. फटका बसताच त्यांची श्रुती दुसऱ्या बेसवरून सुटली ती थेट घरच्या पाटीकडे; पाटीला हात लागला की धाव, आणि सामनाही त्यांचाच. लांबून चेंडू आला. जानकीपुरमची कॅचर विभा, सतरा वर्षांची उंच मुलगी, तिने चेंडू झेलला आणि तो अंगाला लावून श्रुतीला बाद करायला झेप घेतली. श्रुतीने अंग चोरलं आणि घसरत पुढे गेली. विभाचा हात तिला लागला नाही. पण श्रुतीचा हातही पांढऱ्या पाटीला लागला नाही. चार बोटांचं अंतर राहिलं, आणि ते फक्त नेत्राने पाहिलं.

अशा वेळी अंपायरने हात हलवायचा नसतो. सेफ दाखवलं तर खोटं, आऊट दाखवलं तर एका संघाला आयती मदत. ज्यांना वाटतं की रनरने पाटी चुकवली, त्यांनी ते स्वतःहून सांगून आऊट मागायचं, त्यालाच अपील म्हणतात. पिचर आणि तिच्या जोडीदारणी मैदानाच्या रेषेबाहेर जाईपर्यंत तेवढी मुदत असते; तोवर कुणी मागितलं नाही तर धाव धरली जाते.

निशातगंजच्या मुलींनी श्रुतीला उचलून बाहेर नेलं. जानकीपुरमच्या मुली माना खाली घालून निघाल्या. नेत्रा पुतळ्यासारखी उभी राहिली. विभाही तिथेच होती, चेंडू हातात, एक पाय पाटीवर. तिने नेत्राच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, उसका हाथ लगा था क्या?"

बोल, नेत्राला म्हणावंसं वाटलं, नीट बोल. पण ती गप्प राहिली. विभाने क्षणभर वाट पाहिली, चेंडू जमिनीवर ठेवला आणि ती निघून गेली. तिच्या मागून शेवटची मुलगीही रेषेबाहेर पडली. मग नेत्राने धाव मोजली.

जानकीपुरमचे प्रशिक्षक आदेश तोवर धावत आले होते. त्यांनी आवाज चढवला नाही, पण मुद्दा सोडला नाही. मुलीचा पाय पाटीवर होता, चेंडू हातात होता, वर तिने तोंडाने विचारलंही. अपील आणखी वेगळं काय असतं, असं त्यांचं म्हणणं. नेत्राने काकांना बाजूला बोलावून सगळं सांगितलं.

"तुला काय वाटलं? तिने विचारलं की मागितलं?" काकांनी विचारलं.

"विचारलं," नेत्रा म्हणाली. "पाय तिथे होता, कारण ती तिथून हललीच नव्हती. आऊट मागायचं असतं हे तिला ठाऊकच नाही, काका."

"मी असतो तर बहुतेक अपील धरलं असतं," काका म्हणाले. "पण पुस्तकात लिहिलंय, हेतू स्पष्ट दिसला पाहिजे. तो तुला दिसला नाही, मग निर्णय तुझाच. मी तुझ्या मागे उभा आहे."

निर्णय बदलला नाही. आदेशनी कागदावर हरकत लिहून सही केली आणि ते गेले.

बक्षिसं झाल्यावर नेत्रा स्कूटर काढत होती तेव्हा विभा आली. तोच प्रश्न तिने पुन्हा विचारला. आता सांगायला हरकत नव्हती.

"नहीं लगा था," नेत्रा म्हणाली.

"और मैं पूछने की जगह बोल देती, तो?"

"तो आऊट देती."

विभाचे डोळे भरले. ती वळून चालू लागली. नमस्कारही केला नाही. नेत्राला तो हवाही नव्हता. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. नियम पाळला याबद्दल तिला शंका नव्हती, पण तेवढ्याने मन हलकं होत नव्हतं.

चार दिवसांनी तिने आपणहून आदेशना फोन केला आणि विचारलं की रविवारी सकाळी येऊन मुलींना नियम समजावून सांगू का. ते 'या' म्हणाले. पहिल्या रविवारी विभा आली नाही. दुसऱ्या रविवारी आली आणि लांब कठड्यावर बसली. नेत्राने तिला हाक मारली नाही. बेस चुकलेला रनर परत येऊन त्याला शिवू शकतो का, याबद्दल ती इतर मुलींना सांगत राहिली.

तासाभराने विभा कठड्यावरून उतरली, पाटीपाशी आली आणि म्हणाली की अजून राग आहे.

"असू दे," नेत्रा मराठीतच म्हणाली. विभाला ते समजलं. ती खाली बसली आणि म्हणाली, समजा, रनर पाटी चुकवून गर्दीत शिरली, तर कॅचरने तिच्या मागे धावायचं का?

"मागे धावायची गरज नाही. चेंडू घेऊन इथे उभं राहायचं आणि आऊट मागायचं," नेत्रा म्हणाली आणि तिला दाखवायला पाटीवर उभी राहिली.