सप्टेंबरचं पत्र

"चला, निदान एक तरी शहाणा माणूस उभा राहिला," होल्गर म्हणाला आणि त्याने बटाट्याच्या सॅलडचा वाडगा पुढे ओढला.

२०१६च्या नोव्हेंबरातला शेवटचा सोमवार होता. आदल्या दिवशी फ्रान्समधल्या उजव्या पक्षाने मतदान घेऊन अध्यक्षपदासाठी आपला उमेदवार निवडला होता. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यातल्या कँटीनमध्ये त्याचंच बोलणं चाललं होतं. उन्हाळ्यात ब्रिटनने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं, तीन आठवड्यांपूर्वी अमेरिकेत कोणाला वाटलं नव्हतं ते झालं. आता फ्रान्समध्ये अतिउजव्या पक्षाच्या त्या कडव्या बाईंना हरवू शकेल असा जुन्या वळणाचा, मोजकं बोलणारा पुढारी जिंकला, म्हणून टेबलावरच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. मे महिन्यात अध्यक्ष तोच होणार, हे सगळे धरून चालले होते.

"राजा, तुझी मुलगी तिकडेच असते ना, स्ट्रासबूर्गला?" होल्गरने विचारलं. "खूश असेल ती."

"या, गेनाऊ," राजानंद 'हो, अगदी' अशा अर्थाने म्हणाला आणि सूप पिऊ लागला.

राजानंद ढोके एकोणसाठ वर्षांचा होता. सत्तावीस वर्षांपूर्वी तो नागपूरहून बायको आणि चार वर्षांची मुलगी घेऊन इथे आला, आणि तेव्हापासून रंगविभागात होता. रंगवून आलेल्या गाडीच्या पत्र्याला हातातलं छोटं यंत्र टेकवायचं, रंगाचा थर किती जाड बसला ते पाहायचं आणि गाडी पुढे सोडायची, हे त्याचं काम. त्याच्याबद्दल कधी कोणी तक्रार केली नव्हती. विशेष कौतुकही केलं नव्हतं. होल्गर त्याच्याबरोबर एकोणीस वर्षं जेवत होता. पण क्रांती स्ट्रासबूर्गला कोणाबरोबर राहते, हे राजानंदने त्यालाही सांगितलेलं नव्हतं. 'एका मैत्रिणीबरोबर घर घेतलंय,' इतकंच तो म्हणाला होता. खरं तर त्या मैत्रिणीशी, एलोडीशी, क्रांतीने दोन वर्षांपूर्वी लग्न केलं होतं. आणि आता त्यांच्या घरात आठ महिन्यांची मुलगी होती, मैत्री.

जेवण झाल्यावर त्याने फोन पाहिला. क्रांतीचे तीन कॉल येऊन गेले होते. तो जिन्याखाली जाऊन उभा राहिला.

"बाबा, बातम्या बघितल्या?"

ती मराठीत बोलत होती. भांडायचं असलं की क्रांती जर्मनमध्ये बोलायची. मराठी आली की काहीतरी मागायचं आहे, हे त्याला ठाऊक होतं.

"बघितल्या. इथं सगळे चांगलं म्हणत आहेत."

"त्यांचं ठीक आहे हो. हा माणूस दत्तकाचा कायदा बदलणार म्हणतो. आमच्यासारख्या घरांना पूर्ण दत्तक घेता येणार नाही. वकील म्हणते, आत्ताच अर्ज टाका, उशीर नको." ती थांबली. "तुमचं पत्र तेवढं राहिलंय, बाबा."

मैत्रीला एलोडीने जन्म दिला होता, त्यामुळे कागदावर ती एकट्या एलोडीची मुलगी होती. क्रांतीला आई व्हायचं तर तिला दत्तक घ्यावं लागणार होतं. कायद्याने तशी सोय होती. फक्त अर्जाबरोबर नातेवाइकांची, शेजाऱ्यांची पत्रं जोडायची होती, की हे घर आम्ही पाहिलं आहे, ही बाई या मुलीची आईच आहे. राजानंदच्या बायकोने, अरुणाने, आपलं पत्र सप्टेंबरमध्येच पाठवलं होतं. राजानंदने कागद समोर घेतला होता, पेन उघडलं होतं, आणि मग कागद परत ठेवून दिला होता.

त्याचा एलोडीवर राग नव्हता. ती त्याला हसून 'बाबा' म्हणायची, शब्द चुकवून म्हणायची, पण म्हणायची. अडत होतं ते दुसरीकडेच. दर वर्षी चौदा एप्रिलला श्टुटगार्टच्या भाड्याच्या हॉलमध्ये जयंती व्हायची. आजूबाजूच्या गावांतली साठ-सत्तर माणसं जमायची. राजानंद त्या मंडळाचा सचिव होता. समतेवर दहा मिनिटं बोलायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. तिथे कोणी विचारलं, की क्रांतीचं लग्न कधी, तर तो 'शिकतेय अजून' म्हणायचा. ती एकतीस वर्षांची झाली होती.

"पाठवतो," तो फोनवर म्हणाला.

"आज?"

"आज."

संध्याकाळी घरी आल्यावर तो हात धुऊन थेट टेबलाशी बसला. अरुणा पोळ्या करत होती. ती एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात अर्धा दिवस काम करायची, आणि तिथून आली की परत घरच्या ओट्याशी उभी राहायची.

"अहो, आधी जेवून घ्या ना."

"हे झाल्यावर."

तिने वळून त्याच्या पुढ्यातला कागद पाहिला. "लिहिता का शेवटी?"

"जर्मनमध्ये लिहिलं की घरमालकाला लिहिल्यासारखं वाटतं."

"मग मराठीत लिहा. ती घेईल करून भाषांतर."

"पण एलोडीला काय लिहू? म्हणजे, कोण म्हणून लिहू?"

अरुणाने गॅस बारीक केला. "सून लिहा. तुम्हाला मुलगा असता तर काय लिहिलं असतं?" आणि मग तवा उतरवता उतरवता ती म्हणाली, "मुलीचं नाव क्रांती तुम्हीच ठेवलं. मला सुजाता ठेवायचं होतं. नाव ठेवताना भ्याले नाही, आता काहून भेता?"

त्याने पेन उघडलं. लिहायला लागला तेव्हा पत्र वीस मिनिटांत झालं. त्याने लिहिलं, की मी राजानंद ढोके, क्रांतीचा बाप. एलोडी माझी सून आहे आणि मैत्री माझी नात आहे. जुलै महिन्यात मी त्यांच्याकडे चार दिवस राहिलो. मैत्रीला ताप होता. रडू लागली की ती मान वळवून क्रांतीला शोधायची, आणि क्रांतीने उचललं की गप्प व्हायची. कोण आपली आई आहे हे त्या मुलीला माहीत आहे. कागदावर तेवढं लिहायचं राहिलं आहे.

खाली सही केली. पासपोर्टची प्रत जोडली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना त्याने पाकीट पेटीत टाकलं, आणि पडल्याचा आवाज आला तरी क्षणभर हात तसाच ठेवला.

अर्ज डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाखल झाला. मग वाट पाहणं सुरू झालं. कारखान्यात नववर्षाची सुट्टी झाली, बर्फ पडून गेलं. राजानंद फ्रान्सच्या बातम्या वाचू लागला. फ्रेंच येत नव्हतं, म्हणून जर्मन पेपरातल्या. तो उमेदवार कुठे बोलला, काय बोलला, किती टक्के लोक त्याच्या बाजूने आहेत, हे त्याला तोंडपाठ झालं. या देशात त्याला मत नव्हतं, त्याने भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता. भारतात मत होतं, पण मतदानाला जाणं कधी झालं नव्हतं. आणि ज्या देशात त्याच्या नातीचं काय ते ठरणार होतं, तिथे तर तो कोणीच नव्हता. रोज रात्रीच्या जेवणाआधी तो अरुणाला आकडे वाचून दाखवायचा. ती ऐकून घ्यायची आणि ताट वाढायची.

जानेवारीत त्या उमेदवारामागे चौकशी लागली. आकडे घसरू लागले. राजानंदला दुसऱ्याच्या अडचणीचा आनंद व्हावा याची लाज वाटली. तरी आनंद झालाच. एप्रिलच्या तेविसाव्या तारखेला पहिली फेरी झाली आणि तो तिसरा आला. दुसऱ्या फेरीत नव्हताच.

सोमवारी कँटीनमध्ये होल्गर म्हणाला, "वाईट झालं. राज्य चालवायला तोच बरा होता."

"नाही," राजानंद म्हणाला. "हरला ते बरं झालं."

तिघांनी वर पाहिलं. राजानंद कधी कोणाला नाही म्हणायचा नाही.

"माझ्या मुलीची बायको फ्रेंच आहे," तो म्हणाला. "त्यांना एक मुलगी आहे. वर्षाची झाली. तो निवडून आला असता तर माझी मुलगी तिची आई होऊ शकली नसती."

होल्गरने काटा खाली ठेवला. "तू आजोबा झालास? वर्ष झालं? आणि मला आत्ता सांगतोस?" त्याने हात पुढे केला. "फोटो दाखव."

राजानंदने फोन काढला. फोटो टेबलावर हातोहात फिरला. कोणी म्हणालं डोळे मोठे आहेत, कोणी विचारलं दात किती आले. इतकंच. इतकी वर्षं ज्याला तो घाबरत होता ते हे एवढंच होतं. त्या दिवशी दुपारभर पत्र्याला यंत्र टेकवताना त्याला हलकं वाटत होतं, आणि थोडं हसूही येत होतं स्वतःचं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, क्रांती न सांगता घरी आली. एकटी. हातात छोटी बॅग होती. तिने बूट काढले, दिवाणखान्यात बसली आणि जर्मनमध्ये म्हणाली, "आम्ही वेगळ्या होतोय."

अरुणाने तिच्या शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. राजानंद उभाच राहिला.

हिवाळ्यापासून दोघींचं जमत नव्हतं. मोठं काही घडलं नव्हतं. क्रांतीची प्रयोगशाळेतली नोकरी, एलोडीची रजा संपणं, रात्रीची जागरणं, कोणी किती केलं यावरून रोजची कुरबुर. एलोडीला आता आपल्या आईजवळ, फ्रान्सच्या पार पश्चिमेला ब्रिटनी प्रांतात, जायचं होतं. दूरच्या समुद्राकाठी, गाडीने दहा तासांवर. मैत्रीला घेऊन.

"तिला तसं करता येतं?" राजानंदने विचारलं.

"येतं."

"पण अर्ज दिलाय ना? तो माणूस तर हरला. कायदा आहे तसाच आहे."

"कायदा आहे तसाच आहे, बाबा," क्रांती आता मराठीत म्हणाली. "पण जोडीदाराचं मूल म्हणून दत्तक घ्यायचं तर जोडीदार असावा लागतो. तिच्या वकिलाने कोर्टाला कळवलंय. आता नाही होणार."

खाली कोणीतरी रिकाम्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकत होतं. एकेक फुटल्याचा आवाज वर येत होता.

"अर्ज सप्टेंबरमध्ये गेला असता तर?" राजानंदने विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, विचारायला नको होतं.

क्रांतीने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "फेब्रुवारी-मार्चपर्यंत निकाल आला असता. आमच्या ओळखीच्या दोघींना सहा महिनेच लागले."

"तुझ्या वकिलाने माझ्या पत्रासाठी अडवलं होतं?"

"नाही. तिच्याकडे आठ पत्रं होती. ती म्हणत होती, पुरेत." तिने आईच्या पदराशी चाळा केला. "मीच म्हटलं, थांबू. बाबांचं येऊ दे."

"कशाला थांबलीस, बाई?" त्याचा आवाज फाटला. "मला ओरडून सांगायचं. इथे येऊन सही घ्यायची माझी."

"जबरदस्तीने घेतलेलं नको होतं मला," ती म्हणाली.

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. संध्याकाळी तिनेच चहा केला, त्याला कप आणून दिला, आणि साखर बरोबर आहे का विचारलं.

जूनअखेर अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. एलोडी वाईट बाई नव्हती. ती म्हणाली, क्रांतीला हवं तेव्हा भेटू देईन. पण तिने भेटू दिलं तरच भेट होती; मागायचा हक्क नव्हता. राजानंदने क्रांतीच्या वकिलाला फोन केला, आपलं मोडकं इंग्रजी वापरून विचारलं, की आजोबा म्हणून मला काही अर्ज करता येईल का. वकील नम्रपणे म्हणाली, "मस्यू ढोके, कायद्याच्या दृष्टीने तुम्ही तिचे आजोबा नाही."

ऑक्टोबरच्या एका रविवारी, एलोडी ब्रिटनीला निघायच्या दिवशी, राजानंद आणि अरुणा स्ट्रासबूर्गला गेले. एलोडीच्या घराजवळच्या बागेत तासभर भेटायचं ठरलं होतं. वारा होता, पानं उडत होती. मैत्री आता धावत होती. क्रांती तिच्या मागे मागे, जराशी वाकून, दोन्ही हात पुढे धरून चालत होती. अरुणाने नातीला द्यायला विणलेले मोजे नि स्वेटर एलोडीच्या हातात दिले, आणि मग तिचा हात सोडेना. दोघीही रडल्या. एकमेकींची भाषा त्यांना येत नव्हती.

एलोडीचा भाऊ सामानाने भरलेली गाडी घेऊन फाटकाशी आला. तिने मैत्रीला उचललं, क्रांतीजवळ दिलं. क्रांतीने मुलीच्या मानेत तोंड खुपसलं, किती वेळ ते कोणी मोजलं नाही, आणि मग स्वतःच तिला मागच्या सीटवर बसवून पट्टा लावला. पट्टा मानेला लागत नाही ना, ते दोनदा बोट घालून पाहिलं.

एलोडीचा भाऊ क्रांतीच्या आईबाबांना ओळखत नव्हता. तो काच खाली करून हसत मुलीला म्हणाला, त्या गृहस्थांना टाटा कर. फ्रेंचमध्ये म्हणाला, पण त्यातलं 'मस्यू', परक्या गृहस्थाला म्हणतात ते, राजानंदला समजलं. एलोडीने झटकन भावाकडे पाहिलं. काही बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण गाडी सुरू झाली होती.

मैत्रीने हात हलवला.

राजानंदने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, छातीशी धरली आणि तिला हलकेच मान लववली. गाडी वळली. वाऱ्याने त्याचे विरळ पांढरे केस उभे राहिले होते. अरुणा म्हणाली, "अहो, टोपी घाला, थंडी आहे," पण रस्ता रिकामा झाल्यावरही तो तसाच उघड्या डोक्याने उभा होता.